मधल्या वर्तुळातलं पान

कॉरीन वासेकने गालिच्याचा कोपरा उचलला आणि लायल ओस्टरमन एक पाऊल मागे सरला.

गालिच्याखाली हिरवंगार पान होतं. कॉटनवुडच्या झाडाचं रुंद पान, कडेला दाते, खाली लांब देठ. कॉटनवुड कॉन्फरन्स या कॉलेजांच्या खेळगटाची खूण. हॅरो बेंड कॉलेजच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, लाकडी जमिनीवर, अगदी मधल्या वर्तुळात ती रंगवलेली होती आणि वरून व्हार्निशचे थर चढवलेले होते.

“कसं वाटतंय, कोच?” ती कुजबुजली. चेहरा नुसता फुलला होता.

“कॉरीन, हे... एवढ्यात केलंस?”

“मग कधी करू? जमीन घासायची ती उन्हाळ्यातच. पोरं परत आली की हॉल कोण मोकळा देतंय! आणि तुम्हीच नाही का म्हणालात जत्रेत, झालंच समज म्हणून? मी दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला फोन केला.”

ती जत्रा जुलैतली. जिल्ह्याच्या जत्रेत डुकरांचं प्रदर्शन चाललं होतं, लायलच्या एका हातात सँडविच होतं, दुसऱ्या हातात थंडगार बिअर होती, आणि त्याची जुनी लाडकी खेळाडू समोर उभी राहून विचारत होती, “कोच, आम्हाला घेतील का हो?” अशा वेळी माणूस काय म्हणतो? तो म्हणाला, “झालंच समज पोरी.” एवढं बोलायला काय जातंय? नेब्रास्कातली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. तोंडावर हो म्हणतात आणि पाठीमागे जे करायचं ते करतात, आणि याला ते सभ्यपणा म्हणतात.

“आज दाखवणार नाही त्यांना,” कॉरीनने कोपरा खाली टाकून पायाने दाबला. “आगाऊपणा वाटेल. निकाल लागला की मग उचलायचा. सगळ्या गावासमोर.”

तेवढ्यात पाहुणे आत आले आणि नेमके त्या गालिच्यावर कॉफीचे कप घेऊन उभे राहिले.

पाहुणे म्हणजे पाहणी समिती. नवं कॉलेज गटात घ्यायचं तर आधी तिघांनी जाऊन बघून यायचं, अशी कॉटनवुडची पद्धत. एक कॉन्फरन्सचा सचिव मेरिट हॉब्ज, सगळ्यांशी गोड बोलणारा. दुसरा किंग्सबरी कॉलेजचा खेळ-संचालक डग प्रुइट. तिसरा लायल, वेदरली कॉलेजचा खेळ-संचालक. पूर्वी तिथेच मुलींच्या बास्केटबॉलचा कोच होता. कॉरीन तेव्हा त्याच्या संघात होती. पुढे ती आपल्या गावी परतली आणि हॅरो बेंडच्या खेळांची संचालक झाली, पण आपल्या जुन्या कोचला ती अजून कोचच म्हणायची. या मुलखात कोच एकदा झाला की मरेपर्यंत कोच.

हॅरो बेंड म्हणजे मांसाचा कारखाना आणि कॉलेज. बाकी सगळं या दोघांच्या आधाराने उभं. कारखान्यात काम करायला ग्वाटेमालाची, सोमालियाची, मेक्सिकोची माणसं आली. त्यांची पोरं आता कॉलेजात आली होती. निम्मी पोरं कुठला ना कुठला खेळ खेळतात म्हणूनच तिथे शिकत होती. आणि खेळायचं तर गट हवा. गट नसला तर सामने कुणाशी, स्पर्धा कसली? हॅरो बेंडचा जुना गट फुटला होता. त्यातली बरी कॉलेजं बड्या गटांत पळाली, उरलेली वाऱ्यावर. कॉटनवुडने घेतलं नाही तर खेळणारी पोरं जाणार, ती गेली की फिया जाणार आणि मग कॉलेजच्या दाराला कुलूप. हे कॉरीनला ठाऊक होतं, लायललाही ठाऊक होतं. कॉफीचा कप फिरवत उभ्या असलेल्या प्रुइटलाही ठाऊक होतं.

संघाची कप्तान इत्झेल सगळ्यांना आतली खोली दाखवायला घेऊन गेली. मुली कपडे बदलतात ती खोली. दारावर मोठ्या अक्षरात रंगवलं होतं: चेंडू मागून घे.

“मैदानात जाताना आम्ही सगळ्या याला हात लावतो,” इत्झेल म्हणाली. “कोच वासेक म्हणतात, सामना अटीतटीचा झाला की निम्मे खेळाडू लपतात. आपल्याकडे चेंडू येऊ नये म्हणून दुसऱ्याच्या पाठीमागे उभे राहतात. आपण लपायचं नाही. हात वर करायचा आणि मागायचा.” मग ती लायलकडे बघून हसली. “हे तुमचं वाक्य आहे ना?”

“माझंच,” लायल म्हणाला. त्याची मान आपोआप ताठ झाली. पुढे ती ताठ मान आठवली की त्याला स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटायची.

जेवणात चिली होती आणि सोबत दालचिनीचे गोड रोल. बीन्स आणि खिम्याची तिखट चिली आणि शेजारी हा साखरेचा रोल, हे या भागातल्या शाळांचं जेवण. पोरं लहानपणापासून हेच खात मोठी होतात. व्हर्ना स्टोल्ट्झ नावाची म्हातारी पहाटेपासून रोल भाजत होती. ती कॉलेजची नोकर नव्हती. नवरा वारल्यापासून एकही सामना न चुकवणारी बाई, एवढीच तिची ओळख. कॉटनवुडच्या पानासारख्या हिरव्या रंगाचे मफलर तिने संघासाठी विणून ठेवले होते. सगळ्यांसाठी.

“आणखी एक घ्या की,” ती प्रुइटच्या मागे लागली. “एवढ्याशा जेवणाने काय होतंय? तुमचं पोट बघता तुम्ही घरी उपाशी तर राहत नसणार!”

सगळे हसले. प्रुइटही हसला. परतीच्या गाडीत मात्र त्याने सीटवर पाय ताणले आणि म्हणाला, “देवा रे! गावात शिरल्यापासून तो कारखान्याचा वास. माझा कोट आता जाळावाच लागणार.”

“माणसं चांगली आहेत,” हॉब्ज म्हणाला.

“माणसं चांगलीच असतात रे. चांगल्या माणसांचं मी काय करू? तिथे सामना खेळायला गेलो तर स्टँडमध्ये बसणारं कोण? कारखान्यातून सुटलेले आईबाप. त्यांची पोरं काय किंग्सबरीची फी भरणार आहेत? त्यापेक्षा ॲशग्रोव्ह कॉलेजला घ्या. ओमाहाच्या पलीकडचं उपनगर, दारात दोन-दोन गाड्या. तिथे एक सामना खेळला की फुकटात जाहिरात, पुढच्या वर्षी पन्नास अर्ज.” त्याने लायलच्या खांद्यावर थोपटलं. “तू का गप्प? तुझी ती पोरगी आहे म्हणून?”

“तसं नाही.”

“मग बोल की.”

“विचार करतोय.”

“कर बाबा, विचार कर. सगळ्यांत स्वस्त काम ते.”

सरळ सांगायचं तर कुठलं कॉलेज गटात घ्यायचं हे ठरतं ते असंच. कागदावर अंतर लिहितात, पटसंख्या लिहितात, खेळांची यादी लिहितात. शेवटी एक गुळगुळीत शब्द लिहितात, ‘जुळणं’. आमच्याशी जुळतं की नाही. त्या एका शब्दाच्या आड कारखान्याचा वास लपतो, इत्झेलचं आडनाव लपतं, व्हर्नाचे रोल लपतात. कुणालाही काही वाईट बोलावं लागत नाही. जुळत नाही म्हटलं की झालं.

दुसऱ्या दिवशी वेदरलीच्या प्राचार्या डॉ. थेअर यांनी लायलला बोलावून घेतलं. बाई कधी आवाज चढवायच्या नाहीत. त्यांच्या टेबलावर एक नकाशा पसरलेला होता. वेदरलीच्या बास्केटबॉल हॉलच्या जमिनीचा. त्यावर बाजूच्या रेषेलगत सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं: लायल ओस्टरमन कोर्ट.

“दोन वर्षांनी तुम्ही निवृत्त व्हाल,” त्या म्हणाल्या. “विश्वस्तांच्या मनात आहे. अक्षरं कशी वाटतात?”

लायलने अक्षरांवरून बोट फिरवलं. त्याचा बाप दुधाची गाडी चालवायचा. ओस्टरमन हे नाव आजवर फक्त त्या गाडीच्या दारावर आणि थडग्यांवर लिहिलं गेलं होतं.

“सुंदर आहे मॅडम.”

“मलाही आवडलं. बरं, हॅरो बेंडचं. माझं मत तुम्हाला माहीतच आहे. आपल्याला ॲशग्रोव्ह हवं. पण तिथले तुमचे संबंध मी जाणते, तेव्हा जबरदस्ती नाही. वेदरलीचा शब्द बैठकीत तुम्हीच बोलता.” त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. “माझा तुमच्यावर विश्वास आहे.”

मारून मुटकून काही करून घेतलं असतं तर बरं झालं असतं. माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

ऑक्टोबरात बैठक झाली. कॉटनवुडमध्ये कॉलेजं नऊ. नव्याला घ्यायचं तर सात होकार लागतात. पण सगळ्यांसमोर मत द्यायची वेळ कधी येतच नाही. आधी चिठ्ठ्यांवर कौल घेतात. पुरेसे होकार पडले तर मग उघड मतदान होतं आणि सगळे एका सुरात हो म्हणतात. नाही पडले तर अर्जदाराला फोन जातो: बाबा रे, तूच आपला अर्ज मागे घे. तो घेतो. म्हणून कॉटनवुडच्या इतिहासात आजवर कुणाला नाकारल्याची नोंद नाही. किती सभ्य माणसं!

लायलने चिठ्ठीवर ‘नाही’ लिहिलं. लिहिताना त्याने डावा हात आडवा धरला होता, परीक्षेत पोरं धरतात तसा.

हॉब्जने चिठ्ठ्या मोजल्या. आकडा सांगितला नाही, नुसती नकाराची मान हलवली. मग म्हणाला, “लायल, फोन तू करशील का? तुझ्याकडून ऐकलं तर तिला कमी लागेल.”

कमी लागेल! लायलने होकार दिला. तो पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसला, काचा वर केल्या आणि फोन लावला.

“कोच!” पलीकडे हॉलमध्ये चेंडू आपटल्याचे आवाज येत होते. “थांबा, थांबा. पोरींना गप्प करते. ए इत्झेल, चेंडू धर जरा. हं, बोला.”

“कॉरीन, हे बघ... बैठक झाली. सगळ्यांना तुमच्याबद्दल खूप आदर आहे.”

तिचा आवाज एकदम सपाट झाला. “आदर. म्हणजे नाही.”

“नाही असं कुणी म्हटलेलं नाही. अजून मतदान झालेलंच नाही. आत्ता अर्ज मागे घेतलास तर नोंदीत काही येत नाही. दोन-तीन वर्षांनी पुन्हा...”

“दोन-तीन वर्षांनी इथे कोण असणारे, कोच?”

लायलने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली.

“किती नकार पडले?”

“चिठ्ठ्या होत्या. मला नाही माहीत.”

“तुमच्या चिठ्ठीवर काय होतं?”

गाडीत फार गरम होत होतं. लायलने काच खाली केली. “गुप्त मतदान असतं ते, कॉरीन. तसा नियम आहे.”

पलीकडे चेंडू आपटायचे थांबले होते. मग ती म्हणाली, “मी अर्ज मागे घेणार नाही.”

“अगं असं कुणी करत नाही.”

“मी करते. उघड मतदान घ्या. अर्जदाराचा माणूस बैठकीला बसू शकतो, तुमच्याच नियमांत लिहिलंय. मी येऊन बसेन. ज्याला नाही म्हणायचंय त्याने माझ्या तोंडावर म्हणावं.”

“त्याने तुझाच अपमान होईल पोरी.”

“अपमान कुणाचा होईल ते बघू या,” ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. त्याच्याशी बोलताना ‘थँक यू कोच’ न म्हणता तिने फोन ठेवला, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

नोव्हेंबरात ती आली. हॉटेलातली बैठकीची खोली, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मध्ये पुदिन्याच्या गोळ्यांची वाटी. कॉरीन टेबलाच्या शेवटी खुर्चीत बसली. अंगावर साधा काळा कोट आणि गळ्यात व्हर्नाने विणलेला हिरवा मफलर. तिच्यासमोर काहीच नव्हतं. ना कागद, ना फाइल. दोन्ही हात टेबलावर ठेवून ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे कुणाला कुठे बघावं कळेना. एकाने चार वेळा चष्मा पुसला. दुसरीने बाटलीवरचं लेबल सोलून काढलं. चिठ्ठीवर नाही लिहिणं वेगळं. समोर बाई बसली आहे, ती तुमच्याकडे बघते आहे, तेव्हा नाही म्हणणं वेगळं.

हॉब्जने घसा खाकरला. “कॉलेजच्या नावाच्या क्रमाने घेऊ या.”

पहिल्याने हो म्हटलं. दुसरीने लेबलाचे तुकडे गोळा करत हो म्हटलं. तिसरा, चौथा, हो, हो. लायलने मान वर केली. चिठ्ठ्यांवर नाही लिहिलेल्यांतले काही आता तोंडाने हो म्हणत होते. या बाईने त्यांना लाज आणली होती. नुसतं समोर बसून!

“किंग्सबरी?”

“नाही,” डग प्रुइट म्हणाला. “कॉरीन, मनात काही नाही. पण आमच्या कॉलेजचा यात फायदा नाही.”

“तोंडावर बोललात, आभारी आहे,” कॉरीन म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं होतं. प्रुइटचा चेहरा लाल झाला, पण त्याने नजर खाली घातली नाही. लायलला तेव्हा कळलं की आजवर ज्याला तो गावठी रेडा समजत आला तो प्रुइट आपल्यापेक्षा सरळ माणूस आहे.

पुढचा हो. त्यापुढच्याने अगदी बारीक आवाजात नाही म्हटलं. मग आणखी एक हो.

सहा हो. दोन नाही. उरलं होतं वेदरली, नेहमीसारखं शेवटी.

कॉरीनचे डोळे त्याच्यावर आले. त्यात राग नव्हता. रागाला त्याने तोंड दिलं असतं. सामन्याच्या शेवटच्या क्षणांत, वेळ मागून घेऊन, सगळ्या घामेजल्या पोरी गोल करून बसल्या की ती त्याच्याकडे असंच बघायची. आता तुम्ही सांगाल ते, कोच. सांगाल ते करते.

एक शब्द. हो म्हटलं की गालिचा उचलला जाईल. हॅरो बेंडचं सगळं गाव स्टँडमध्ये उभं राहील, व्हर्ना रडेल. इत्झेल धाकट्या बहिणीला सांगेल की तूही ये. आणि डॉ. थेअर काहीही बोलणार नाहीत. फक्त तो नकाशा पुन्हा कधी टेबलावर येणार नाही.

“वेदरली?” हॉब्जने दुसऱ्यांदा विचारलं.

लायलला नाही म्हणवेना. देवाशप्पथ, त्याच्या जिभेवर तो शब्द येईना. आणि होही येईना. त्याला ती वळणदार अक्षरं दिसत होती. मग त्याला एक वाट सापडली. भेकड माणसाला ती नेमकी सापडते.

“वेदरली तटस्थ,” तो म्हणाला.

त्याला खरंच वाटलं की आपण मधून निसटलो. ना बाईंचा शब्द मोडला, ना पोरीला नाही म्हटलं. क्षणभर त्याने सुटकेचा श्वाससुद्धा सोडला.

हॉब्ज नियमांची पानं चाळू लागला. फार वेळ चाळली. “होकार सात लागतात,” तो शेवटी म्हणाला. “सहा आहेत. तटस्थ म्हणजे... म्हणजे त्याचा परिणाम नकारासारखाच होतो. प्रस्ताव मंजूर झालेला नाही.”

प्रुइटने मान वळवून लायलकडे पाहिलं. “साल्या,” तो हळू आवाजात म्हणाला, “निदान बोलायचं तरी.”

कॉरीन उठली. खुर्ची तिने नीट आत सरकवली. दाराकडे जाताना ती लायलच्या मागून गेली. थांबली नाही. हिरव्या मफलरचं टोक त्याच्या कोटाच्या बाहीला लागून गेलं. त्याने बाही झटकन मागे घेतली, चटका बसल्यासारखी.

जानेवारीत वेदरलीच्या मुलींचा हॅरो बेंडला सामना होता. वर्षभरापूर्वी ठरलेला, टाळता येण्यासारखा नव्हता. लायल आजारी पडायच्या विचारात होता. बायको म्हणाली, “जा. ताप आला तर तिथेच येऊ दे.” तिला सगळं सांगितलं होतं त्याने. तेव्हापासून ती त्याच्या आधी जेवून घेत होती.

हॉल गच्च भरला होता. गालिचा नव्हता. मधल्या वर्तुळात पानही नव्हतं. पोरींनी ते हाताने घासून काढलं होतं, सँडपेपर घेऊन गुडघ्यांवर बसून, नोव्हेंबरातली सुट्टी त्यातच गेली. तिथे आता एक फिकट, उघडं वर्तुळ राहिलं होतं, खरजेच्या चट्ट्यासारखं. व्हार्निश पुन्हा उन्हाळ्यातच मारता येणार. तोवर कॉलेज असलं तर.

तो खाली मान घालून कोपऱ्यातून वर चढणार, तेवढ्यात व्हर्नाने त्याला गाठलं.

“कोच ओस्टरमन!” तिने त्याचे दोन्ही हात धरले. म्हातारीचे डोळे भरून आले होते. “कॉरीनने सांगितलं आम्हाला. बाकीचे कसेही वागले, पण तुम्ही आमच्यासाठी उभे राहिलात. आपली नोकरी पणाला लावून. सगळ्या गावाला माहीत आहे हो.” तिने कागदात बांधलेला गरम रोल त्याच्या हातात कोंबला. “हा खास तुमचा. तुम्हाला म्हणून साखर जास्त घातलीय.”

रोल हातात धरून तो सरळ कॉरीनकडे गेला. ती गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी उभी होती.

“तू त्यांना काय सांगितलंस?”

“हो म्हणालात असं सांगितलं.” तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“का? कॉरीन, का? मी... मला माफ...”

“तुमच्यासाठी नाही सांगितलं.” ती अजून मैदानाकडेच बघत होती. पलीकडे दार उघडलं होतं आणि इत्झेल आणि बाकीच्या पोरी एकेक करून बाहेर येत होत्या. प्रत्येक पोरगी बाहेर पडताना दारावरच्या अक्षरांना हात लावत होती. “ते वाक्य तुमचं आहे हे त्यांना माहीत आहे. मीच सांगितलंय, दर वर्षी, प्रत्येक नव्या पोरीला. आता काय सांगू? की ज्याने शिकवलं तो लपला? कॉलेज जाईल कदाचित त्यांचं. निदान ते तरी राहू दे त्यांच्याकडे.”

“मी सांगतो त्यांना. मी स्वतः सांगतो खरं काय ते.”

आता ती वळली. पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत राग दिसला.

“खबरदार! स्वतःला मोकळं करायला माझ्या पोरींचा वापर करू नका. आता गप्प बसा. गप्प बसणं तुम्हाला चांगलं जमतं.”

सामना सुरू व्हायच्या आधी, पाहुण्यांची ओळख करून द्यायची पद्धत असते. ध्वनिक्षेपकावर आवाज आला: “वेदरली कॉलेजचे खेळ-संचालक आणि आपल्या गावाचे खरे मित्र, कोच लायल ओस्टरमन! कोच, जरा मध्ये येता का?”

इत्झेल त्याचा हात धरून त्याला मैदानात घेऊन गेली. मधल्या वर्तुळापर्यंत. त्या फिकट चट्ट्यावर त्याला उभं करून ती बाजूला झाली.

आणि हॅरो बेंडचं सगळं गाव उठून उभं राहिलं. कारखान्यातून थेट आलेले आईबाप उठले, त्यांच्या कपड्यांना तो वास होता. म्हातारे उठले, पोरं उठली. सगळे टाळ्या वाजवत होते. थांबत नव्हते. कुणीतरी शिट्टी मारली. व्हर्नाने मफलर हवेत फिरवला.

लायल मान खाली घालून उभा होता. लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस. त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. त्याच्या हातातला रोल दाबला जाऊन साखरेचा पाक बोटांतून ओघळत होता आणि बुटांच्या मध्ये, त्या उघड्या लाकडावर, थेंब थेंब पडत होता. जमीन खराब होत होती. पुसायला हवं होतं. पण पुसायला खाली वाकावं तर सगळ्यांना वाटलं असतं की आपण त्यांना नमस्कार करतोय, म्हणून तो तसाच उभा राहिला, टाळ्या संपेपर्यंत.